एर्नाकुलमच्या बाजूनं

बुधवार

कोचीला निघालोय म्हटलं की जाऊन आलेली मंडळी फोर्ट कोचीतच राहा म्हणून बजावतात. जुने डच बंगले, रस्त्यावर छत धरणारी झाडं, कॅफे, मासेमारीची चिनी जाळी, सगळं चालत जाण्यासारखं. त्यांच्या लेखी पाण्याच्या अलीकडचं एर्नाकुलम, कोचीचाच दुसरा भाग, म्हणजे रेल्वे स्टेशन आणि ट्रॅफिक. आम्ही मात्र मुद्दाम एर्नाकुलमला खोली घेतली, आणि ती घेतली मावशीमुळे. "बाजार पायी जाण्यासारखा हवा आणि खिडकीतून पाणी दिसायला हवं. मग ने तुला कुठं न्यायचं तिथं," असं तिनं तिकीट काढायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. बालपण मालवणात आणि संसार दादरला झालेल्या बाईची ही मागणी मला तरी रास्त वाटली.

नेत्रावती एक्स्प्रेसनं आलो. कोकण रेल्वेबद्दल आपल्या लोकांना नवं काय सांगायचं? रत्नागिरीपर्यंत खिडकी, मडगावला जेवण, कर्नाटक झोपेत, आणि सकाळी डोळे उघडले तर दोन्हीकडे माड आणि कौलारू घरं. मावशी म्हणाली, "आपण परत कोकणातच आलो की काय?" एर्नाकुलम जंक्शनला दुपारी उतरून रिक्षावाल्याला हॉटेलचं नाव सांगितलं, त्याला कळेना. "मेनका?" त्यानंच विचारलं. हो म्हटलं. मेनका नावाचं थिएटर होतं तिथं. त्याचं नाव बसस्टॉपला चिकटलं ते कायमचं.

हॉटेल शण्मुगम रोडला लागून असलेल्या गल्लीत, तीन मजली, जेमतेम डझनभर खोल्यांचं. पाटीवर 'सी व्ह्यू' लिहिलेलं. आता खरं तर इथून समुद्र दिसत नाही. दिसतं ते वेंबनाड कायल, म्हणजे खाडीसारखं पसरलेलं पाणी; समुद्र त्याच्या पलीकडे, फोर्ट कोची आणि वैपिन बेटाच्या मधून उघडतो. शिवाय आमच्या खिडकीतून हे पाणी दिसायचं दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत. पण त्या पट्टीत दर पाच मिनिटांनी काहीतरी सरकत जायचं: प्रवासी होडी, टग, मधूनच अख्खी खिडकी झाकणारं मालवाहू जहाज. मावशीनं खुर्ची ओढली आणि चहा तिथंच मागवला. रिसेप्शनवरच्या मुलानं मागची खोलीही दाखवली, शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त. ती बाजाराच्या गल्लीवर उघडत होती. "रात्री आवाज होतो," त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. आम्ही पुढचीच घेतली.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर फिरलो. इथल्या मरीन ड्राइव्हवर मोटारी नाहीत, नुसता पायी चालायचा कट्टा. इथंही आपल्या मुंबईसारखीच भरावाची जमीन. पूर्वी पाणी थेट शण्मुगम रोडपर्यंत होतं. कमानीचा एक पूल, चिनी जाळ्याच्या आकाराचा दुसरा, आणि 'वन अवर बोटिंग मॅडम' म्हणत मागे लागणारे एजंट. त्यांच्या बोटींवर इतके दिवे आणि इतकी मोठी गाणी, की लग्नाची वरात पाण्यात उतरलीय असं वाटावं. सूर्य मात्र इथून पाण्यावरच मावळतो, त्याला तिकीट नाही. पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची जाडजूड भजी, आणि चहा घेऊन बसलो तर पंधरा मिनिटांत डासांनी उठवलं. कोचीचे डास ही थट्टा नाही. रात्री खोलीत कॉइल, लिक्विड आणि हॉटेलच्या पोऱ्यानं न मागता आणून दिलेली चार्जिंगची बॅट अशी तिहेरी फळी लावली, तेव्हा कुठं झोप लागली.

गुरुवार

पहाटे साडेचारला जाग आली तर मावशीची गादी रिकामी. बाई व्हरांड्याच्या मागच्या खिडकीत उभ्या. खाली ट्रक लागलेले, माथ्यावर पंच्याची चुंबळ आणि निळा शर्ट घातलेले हमाल केळ्यांचे घड उतरवत होते. एकेक घड पुरुषाच्या छातीइतका. मागची खोली घ्यायला हवी होती, असं तिनं मला ऐकवलं.

चहा पिऊन खाली उतरलो. एर्नाकुलमचा हा बाजार एका कालव्याच्या काठी वाढलाय. पूर्वी कायलातून होड्या थेट आत यायच्या आणि नारळ, तांदूळ, केळी काठावरच उतरायची. आता कालव्यातलं पाणी काळं आहे आणि होड्यांची जागा ट्रकनं घेतलीय. जुना बाजार पाडून बांधलेलं बहुमजली संकुल २०२४च्या डिसेंबरात सुरू झालं. आत टाइल्स आणि स्वच्छता आहे, पण खरी गर्दी अजून बाहेरच्या गल्ल्यांतच. ब्रॉडवे, क्लॉथ बाजार रोड, ज्यू स्ट्रीट असे रस्ते एकमेकांना लागून, आणि प्रत्येकाचा वास वेगळा.

केळीवाल्यांकडेच आमचा अर्धा तास गेला. नेंद्रन म्हणजे आपली राजेळी, हे मावशीनं हातात घेताच ओळखलं. पूवन, बोटाएवढी ञालिपूवन, तांबडी चेंकदळी, आणि स्वस्तातली पाळयंकोडन. केळीवाला आम्हाला एकेक चाखायला देत होता आणि तोंडाकडे बघत होता. शेजारी कांद्याची पोती. तो कांदा नाशिककडचा. केरळात कांदा पिकत नाही असं म्हटलं तरी चालेल, त्यामुळे लासलगावला भाव हलला की इथल्या ठेल्यावर कुरकुर सुरू होते. भाजीही बरीचशी तमिळनाडूतून येते. केळी, सुरण, कप्पा, म्हणजे टॅपिओका, आणि फणस एवढं मात्र घरचं.

निळ्या शर्टवाल्या हमालांबद्दल दोन शब्द. प्रत्येक टोळी कुठल्या ना कुठल्या युनियनची, आणि कुणी कुठं माल उतरवायचा हे ठरलेलं. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९चा, यांचा १९७८चा. त्यातून पुढे 'नोक्कुकूली' नावाचा प्रकार बोकाळला होता: माल तुम्ही स्वतः उतरवला तरी बघत उभं राहिल्याची मजुरी द्यायची! २०१८मध्ये सरकारनं तो बंद केला. मी एका दुकानदाराला त्याबद्दल विचारलं तर तो हसला आणि दुसरंच बोलायला लागला. ओझी उचलणाऱ्यांत आता बंगाली आणि आसामी पोरंही दिसतात, त्यामुळे आमचं हिंदी बऱ्यापैकी चाललं.

मासळी बघताना मावशीला मी आवरायला गेले नाही. अयला म्हणजे बांगडा, मत्ती म्हणजे तारली, नेय्मीन म्हणजे सुरमई, आवोली म्हणजे पापलेट. एका टोपलीपाशी ती थबकली. "अगो, ही तर काळुंदरां!" करीमीन म्हणून ज्याचे फोटो केरळच्या प्रत्येक जाहिरातीत झळकतात, तो मासा मालवणच्या खाडीत ती लहानपणी बघत आलीय. तिनं गलफड उचलून लाल रंग बघितला, बोटानं पोट दाबलं, दर विचारला आणि मान हलवली. विक्रेत्यानंही मान हलवली. दोघांची भाषा वेगळी होती, पण ती घासाघीस मला शब्दन् शब्द कळली. घ्यायचं काहीच नव्हतं, हॉटेलात शिजवणार कुठं? तरी तिनं भाव पाडूनच दाखवला.

मार्केट रोडवर शोभेच्या माशांचं आणि रोपांचं एक दुकान आहे. काचेच्या टाक्यांत गप्पी आणि गोल्डफिश, बाहेर कुंड्या. दुकानाच्या मागच्या बाजूला कडवुंभागम सिनेगॉग. १९५०च्या दशकात इथल्या ज्यूंपैकी बहुतेक इस्राएलला निघून गेले आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष मिळेनासे झाले. मग पुढे दुकान, मागे देऊळ, अशी ती वास्तू तगली. दुकानातून वाट काढत आत गेलो. लाकडी छत, वर बायकांची माडी, पितळी दिवे. आमच्याशिवाय कुणी नाही. अलिबागकडचे बेने इस्राएल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणायचो, मावशीच्या ओळखीतले. तिनं आत पाऊल टाकण्याआधी डोक्यावर पदर घेतला.

दुपारी वॉटर मेट्रोनं पलीकडे गेलो. हायकोर्ट टर्मिनल हॉटेलपासून चालत दहा मिनिटं. एप्रिल २०२३ला ही सेवा सुरू झाली, फोर्ट कोचीचा फाटा वर्षभरानं. बोटी कोचीन शिपयार्डनंच बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित. शंभर माणसं भरली की फाटक बंद, एकशे एकावा बाहेर. धक्का तरंगता असल्यानं भरती असो की ओहोटी, बोटीची आणि धक्क्याची पातळी एकच राहते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचं मोल कळतं. मावशी काठी न टेकता चढली. चाळीस रुपयांत वीस मिनिटं गार हवा आणि मोठ्या काचेतून बंदर.

तिथून रिक्षानं मट्टांचेरी. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून 'डच पॅलेस'. भिंतींवरचं रामायण बघायला मान दुखेपर्यंत वेळ द्यावा. हिरवे-तांबडे रंग, इंचभरही जागा मोकळी नाही. परदेसी सिनेगॉग १५६८चा. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हातरंगी फरशा. पण रांग, गाइडचा आवाज, 'मूव्ह, मूव्ह', आणि बाहेर दोन्ही बाजूंना काश्मिरी शालींची दुकानं. सकाळी माशांच्या टाक्यांमागे उभं राहून आल्यावर इथं माझं मन लागलं नाही. ज्यू टाउनमध्ये मला आवडली ती मिऱ्याच्या बाजाराची इमारत. १९५७पासून इथं मिऱ्याचे वायदे व्हायचे, दलाल ओरडून बोली लावायचे. आता ती ओरड थांबलीय, पण गोदामांच्या गल्लीत सुंठीचा वास अजून नाकात जातो.

शुक्रवार

आज फोर्ट कोचीला जुन्या सरकारी बोटीनं गेलो. एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून सुटते, तिकीट दहा रुपयांच्या आत, वारा फुकट. वॉटर मेट्रो आरामाची खरी, पण शहर भेटतं ते या बोटीत. कॉलेजच्या मुली, टिफिन घेतलेले कारकून, पिशवीत कोंबडी घेतलेले एक आजोबा. डावीकडे शिपयार्डच्या क्रेन. विक्रांत ही विमानवाहू नौका तिथंच बांधली आणि २ सप्टेंबर २०२२ला तिथंच नौदलात आली. नौदलाचा नवा ध्वज त्याच समारंभात उलगडला, आणि त्यातली अष्टकोनी चौकट शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. मी हे सांगितल्यावर मावशीनं क्रेनकडे बघून नमस्कार केला. शेजारचे कारकूनही बघायला लागले, काय आहे म्हणून.

विलिंग्डन बेटाची गोष्टही बोटीतूनच सांगावी अशी. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, मोठी जहाजं बाहेर समुद्रातच थांबायची. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरनं १९२०पासून तिथं ठाण मांडून तो खणून काढला, आणि उपसलेल्या गाळाचं हे बेट केलं. पुढे त्यावर बंदर आलं, नौदल आलं, विमानतळही आला.

फोर्ट कोची देखणं आहे, मी नाकारत नाही. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला पुरलं होतं. तो कोचीतच वारला, १५२४च्या नाताळाच्या आदल्या दिवशी. त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या, इथं रिकामी फरशी राहिली. चिनी जाळी मात्र वेळ देऊन बघण्यासारखी. सागाचे वासे, एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना लोंबणारे धोंडे. चार-पाच जण दोर ओढतात, धोंडे एकापाठोपाठ एक खाली येतात आणि जाळं पाण्यातून निथळत वर उठतं. आमच्यासमोर उठलं तेव्हा त्यात जलपर्णीचा गुंता, एक प्लास्टिकची बाटली आणि मूठभर मासळी होती. दोर ओढायला पर्यटकांना बोलावतात आणि मग पैसे मागतात. मासळीपेक्षा त्याचीच कमाई जास्त असावी, असा माझा अंदाज. जवळच्या ठेल्यांवर मासा विकत घ्यायचा आणि समोरच्या हॉटेलात तळून घ्यायचा अशी सोय आहे. मावशीनं काळुंदराचा भाव विचारला. कालच्या दीडपट! ती सरळ बोटीकडे वळली.

जेवण मग आमच्या गल्लीतच झालं. तांबडा मट्टा भात, सांबार, मोरू म्हणजे ताक, तोरन म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, आणि मातीच्या भांड्यातली लालभडक मीन करी. आंबटपणाला कुडमपुळी, धुरावर वाळवलेली काळी सालं, आपल्या कोकमाच्याच कुळातली. ती तिनं पुढ्यातल्या रश्शातून बाजूला काढून, वास घेऊन, कागदात गुंडाळून ठेवली.

शनिवार

कुडमपुळी घ्यायला म्हणून ब्रॉडवेवर निघालो आणि अर्ध्या वाटेत एका बोळात मराठी कॅलेंडर दिसलं. छोटासा गाळा, भिंतीवर महाराजांची तसबीर, गणपती, आणि बैठ्या भट्टीपुढे बनियनवरचा एक मध्यमवयीन माणूस. मी दारातूनच विचारलं, "दादा, गाव कुठलं?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "विट्याजवळ. तुमी?" आणि स्टुलं आली, चहा आला.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगली आहेत, हे ऐकून होते. केरळात तर सोन्याचीच उलाढाल. मग ती इथं नसती तरच नवल. त्या दादांचे चुलते आधी आले, मग ते, आता पुतण्या शिकतोय. काम असं: सराफांकडून जुने मोडीचे दागिने येतात. ते मुशीत घालायचे, टाकणखार टाकायचा, भट्टीवर वितळवायचे. आमच्यासमोर त्यांनी एक मूस उतरवली. आत नारिंगी, थरथरणारा, आरशासारखा थेंब. साच्यात ओतला तेव्हा आवाजही झाला नाही, नुसता थोडा धूर. थंड झाल्यावर बोटाएवढी मळकट कांडी हाती आली. आपण जे सोनं म्हणून ओळखतो तसं तिच्यात काहीच नव्हतं. मग टंच काढायचा, म्हणजे त्यात शुद्ध किती आणि हिणकस किती ते. पूर्वी नुसता डोळा आणि कसोटीचा दगड, आता मशीन आहे. "पर मशीनच्या आधी मी मनात आकडा धरतोच," दादा म्हणाले. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा इथं येतो. झाडलोटीची माती जाळून, धुऊन त्यातले कण काढतात.

मधेच एक गिऱ्हाईक आलं आणि दादा अस्खलित मल्याळममध्ये बोलायला लागले, हातवाऱ्यांसकट. मावशी बघतच राहिली. पोरं इथल्याच शाळेत आहेत, मराठी घरात. यात्रेला मात्र सगळी गावी. त्या आठवड्यात असे गाळे बंद असतात. कुडमपुळी कुठं चांगली मिळेल तेही त्यांनीच सांगितलं. "माझं नाव सांगा, दमट देणार न्हाई."

संध्याकाळी टी. डी. रोडवरच्या तिरुमल देवस्वमात गेलो. हे गौड सारस्वतांचं देऊळ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचापायी गोव्याहून निघालेली घराणी किनाऱ्यानं इथवर आली आणि कोकणी घेऊनच आली. बाहेर फुलं निवडत बसलेल्या एका आजींशी मावशीनं मालवणीत सुरुवात केली, त्या कोकणीत बोलल्या. पहिली पाच मिनिटं अडखळत गेली, पुढे मला मध्ये जागा मिळाली नाही. या मंडळींचा एक पराक्रम आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. डच गव्हर्नर व्हॅन रीडनं मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ, 'होर्तुस मलाबारिकुस', १६७८पासून ॲमस्टरडॅममध्ये छापला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. त्या तिघांनी दिलेलं कोकणीतलं पत्र नागरी लिपीतच पहिल्या खंडात छापलंय. मुंबईत नागरी छपाई सुरू व्हायच्या कितीतरी आधी.

परतताना केळ्याच्या चिप्सचं दुकान. कढईत खोबरेल तेल उकळतंय आणि माणूस सोललेली कच्ची नेंद्रन किसणीवर धरून थेट तेलावरच कापतोय, चकत्या तिरप्या पडत जातात. थोडा रंग आला की त्यानं भांड्यातलं हळद-मिठाचं पाणी त्या उकळत्या तेलातच ओतलं! मी दोन पावलं मागे सरकले. कढई फाडफाड तडतडली, वाफ उठली, आणि आवाज बसला तशी त्यानं झाऱ्यानं सगळं उपसलं. मीठ आतपर्यंत मुरायची हीच युक्ती. दोन किलो बांधून घेतल्या. कुडमपुळी दादांच्या नावावर, मिरी आणि जायपत्री घासाघीस करून.

रविवार

रविवारी ब्रॉडवेची बहुतेक शटरं खाली असतात. मागच्या गल्लीतही ट्रक नव्हते, त्यामुळे मावशी पहिल्यांदाच साडेसहापर्यंत झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "आज काय बघायचं मग?" काही नाही. खिडकीतल्या पट्टीतून एक मोठं कंटेनर जहाज वल्लारपाडमकडे सरकत होतं, ते पूर्ण जाईपर्यंत दोघी बघत बसलो. मग पुट्टू, म्हणजे वाफवलेली तांदळाची पिठी, काळ्या चण्याची कडला करी, वर एक पिकलं केळं कुस्करून.

कुणी विचारलं तर मी एर्नाकुलमलाच राहा म्हणेन. पलीकडे जायला बोट आहेच, आणि दिवस उजाडताना जे चालतं ते या बाजूला चालतं. मात्र खोली सांगून घ्या: वरचा मजला, आणि झोप सावध नसेल तर मागची. डासांची बॅट पहिल्याच रात्री मागा.

बिल देताना रिसेप्शनवरच्या मुलानं विचारलं, व्ह्यू कसा वाटला. "मागचा जास्त चांगला," मावशीनं त्याला मराठीतच सांगितलं. त्यानं हसून मान डोलवली, काय समजला कोण जाणे. गाडी दुपारची होती. घरी न्यायच्या म्हणून घेतलेल्या चिप्सचं पहिलं पाकीट शोरनूरच्या आधीच फुटलं, समोरच्या बर्थवरच्या कुटुंबानं हलवा दिला म्हणून दुसरं उघडावं लागलं.